मराठी मंडळाने ब्लॅक हिस्टरी मंथचा कार्यक्रम कसा करावा: ऑगस्ट ते मार्च, क्रमाने

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकतं की अरे फेब्रुवारी आला, ब्लॅक हिस्टरी मंथ (अमेरिकेत ब्लॅक लोकांच्या इतिहासासाठी पाळला जाणारा महिना) आहे, आपणही काहीतरी करूया ना, आणि मग पंधरा दिवसांत घाईघाईने वंशभेदाविरुद्ध लढलेल्या मार्टिन ल्यूथर किंग आणि रोझा पार्क्स यांच्यावर एक स्लाइड शो, मुलांची वेशभूषा स्पर्धा, कुणाचं तरी भाषण आणि शेवटी पावभाजी. हॉलमध्ये सगळे आपणच. ज्यांच्या इतिहासाचा कार्यक्रम आहे त्यांच्यापैकी एकही माणूस नाही, कारण त्यांना कुणी विचारलेलंच नसतं, किंवा विचारलं ते फ्लायर फिरल्यावर.

हेतू चांगलाच असतो, क्रम चुकतो. म्हणून इथे क्रम लिहितेय. हे अमेरिकेतल्या मंडळांसाठी आहे. युकेमध्ये हा महिना ऑक्टोबरमध्ये असतो आणि परवानग्यांचे नियम वेगळे, पण माणसं जोडायची पद्धत तिथेही हीच.

१. आधी जायचं, मग बोलवायचं (ऑगस्ट-सप्टेंबर)

गावात आधीपासून कोण काय करतंय ते शोधा. बहुतेक ठिकाणी एखादं एएमई (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल, ब्लॅक लोकांनी स्थापन केलेला पंथ) किंवा बॅप्टिस्ट चर्च असतं, एनएएसीपी या ब्लॅक लोकांच्या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या जुन्या संस्थेची शाखा असते, ब्लॅक फ्रॅटर्निटी-सोरोरिटींचे (कॉलेजातल्या मुला-मुलींच्या संघटना) ग्रॅज्युएट चॅप्टर म्हणजे पदवीधरांच्या शाखा असतात, आणि लायब्ररीत एखादी बाई असते जिला या सगळ्यांचे फोन नंबर पाठ असतात. सुरुवात तिच्यापासून करा. लायब्ररीच्या रेफरन्स डेस्कला जाऊन सरळ विचारा की गावात ब्लॅक हिस्टरीचं काम कोण करतं. वेबसाइटवर तासन्‌तास शोधून जे मिळत नाही ते तिथे पाच मिनिटांत कळतं.

मग त्यांच्या एक-दोन कार्यक्रमांना जा. तिकीट काढून जा, मागे बसा, शेवटपर्यंत थांबा, खुर्च्या आवरायला मदत करा. लगेच व्हिजिटिंग कार्ड वाटू नका. चर्चचं फिश फ्राय असो, एनएएसीपीचं वार्षिक जेवण असो किंवा स्कॉलरशिपसाठीचा फंडरेझर असो, कमिटीतले दोघं-तिघं गेले तरी पुरे, फक्त दर वेळी तेच दोघं-तिघं जाऊ द्या म्हणजे चेहरे ओळखीचे होतात.

तपासा: सप्टेंबर संपताना तुमच्या कमिटीतल्या कुणाला तरी त्या लोकांपैकी दोन माणसं नावाने ओळखतात का? नसतील तर या वर्षी मोठा कार्यक्रम करू नका, त्यांच्या कार्यक्रमाला स्वयंसेवक द्या आणि पुढच्या वर्षाचं बघा. त्यात काहीही कमीपणा नाही.

२. पहिली भेट (सप्टेंबर-ऑक्टोबर)

या भेटीला तयार प्रोग्रॅम घेऊन जायचं नाही. आपल्या लोकांना ही सवय फार आहे, एक्सेल शीट उघडायचं, २:०० ते २:१० स्वागत, २:१० ते २:३० भाषण, आणि त्यात "कम्युनिटी स्पीकर" म्हणून एक रिकामी जागा ठेवायची. मग समोरच्याला वाटतं की आपल्याला फक्त ती जागा भरायला बोलावलंय, आणि ते खरंच असतं.

कोरी वही न्या आणि दोन प्रश्न विचारा. तुम्ही या वर्षी काय करताय आणि त्यात कमी काय पडतंय? आणि आपण एकत्र काही करायचं झालं तर ते काय असावं असं तुम्हाला वाटतं? उत्तर कदाचित अगदी साधं येईल, आम्हाला हॉल मिळत नाही, आमच्याकडे फोटो पडलेत ते स्कॅन करायला तरुण मुलं नाहीत, जुन्या सिमेट्रीत गवत वाढलंय. हे ऐकून निराश होऊ नका, खरा कार्यक्रम यातूनच निघतो.

हाक मारण्याबद्दल एक गोष्ट सांभाळा. ऑफिसमध्ये आपण सगळ्यांना पहिल्या नावाने बोलावतो, इथे तसं करू नका. वयस्कर माणसांना मिस्टर, मिसेस, रेव्हरंड, डीकन असंच म्हणायचं, त्यांनी स्वतःहून नाव घ्यायला सांगेपर्यंत. गोऱ्या लोकांनी वयस्कर ब्लॅक माणसांना मुद्दाम नुसत्या नावाने हाका मारायच्या हा काळ त्यांनी स्वतः पाहिलाय, त्यामुळे ही नुसती रीत नाही.

सावध: "सहआयोजक" लिहायचं असेल तर निर्णयात आणि पैशात सह पाहिजे. त्यांची दोन माणसं कमिटीत हवीत, आणि कार्यक्रमातला एखादा भाग त्यांना नको असेल तर तो निघाला पाहिजे, चर्चा करून "अ‍ॅडजस्ट" होता कामा नये.

३. तारीख (ऑक्टोबर)

फेब्रुवारी दिसायला मोकळा आहे पण नाही. दुसऱ्या आठवड्यातला रविवार सुपर बोलचा (अमेरिकन फुटबॉलची फायनल), तिसऱ्या सोमवारी प्रेसिडेंट्स डे म्हणजे लाँग वीकेंड, आपल्याकडे रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालू आणि १९ फेब्रुवारीला शिवजयंती. शिवजयंती आणि हा कार्यक्रम एकत्र उरकायचा मोह कमिटीत कुणाला तरी हमखास होतो. करू नका, दोन्हींवर अन्याय होतो.

रविवार सकाळ तर कधीच नको, चर्च सुटायला दुपार होते आणि नंतर त्यांची जेवणं-भेटी असतात. शनिवारची दुपार सगळ्यात बरी. न्यू जर्सी, शिकागो, बॉस्टनकडे बर्फाचा भरवसा नाही म्हणून पर्यायी तारीख पहिल्याच दिवशी ठरवा आणि दोन्ही तारखांना हॉल बुक करा. वक्ते आणि कलाकारांना फेब्रुवारीत सगळीकडून बोलावणी असतात, जानेवारीत फोन केलात तर कुणी मिळणार नाही.

जून १९ चं जुनटीन्थ करायचा विचार असेल तर थोडं वेगळं गणित आहे. १८६५ मध्ये त्या दिवशी टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टनला गुलामी संपल्याचा हुकूम वाचला गेला आणि २०२१ पासून ती देशभर सुट्टी आहे, त्यामुळे गावात आता बहुतेक मोठा कार्यक्रम असतोच. तिथे आपला वेगळा मांडव घालायची गरज नाही, त्यांच्या कार्यक्रमात पाणीवाटपाचं, पार्किंगचं किंवा मुलांच्या खेळांचं काम मागून घ्या. शिवाय शाळा सुटल्या की आपली निम्मी मंडळी भारतात गेलेली असतात हेही धरा.

४. गावाचा इतिहास शोधणं (ऑक्टोबर-डिसेंबर)

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. किंग आणि पार्क्स मुलांना शाळेत शिकवतातच, आपल्या झिपकोडमध्ये काय झालं ते मात्र कुणी सांगत नाही.

आणि झालेलं असतं. न्यू जर्सीतल्या हिल्सबरो, माँटगोमेरी भागात आपली किती घरं आहेत, तिथून जवळच स्किलमनला सोरलँड डोंगराळ भागातल्या ब्लॅक कुटुंबांचं म्युझियम आहे, जुन्या एएमई चर्चच्या इमारतीत. दक्षिण न्यू जर्सीतलं लॉनसाइड हे १९२६ मध्ये स्वतःचा कारभार घेतलेलं ब्लॅक गाव. आणि जॉर्जियातल्या फॉरसाइथ काउंटीत, कमिंग आणि साउथ फॉरसाइथमध्ये, जिथे आज गणपतीला रस्ता जाम होतो, तिथून १९१२ मध्ये हजाराच्या वर ब्लॅक माणसांना मारून, धमक्या देऊन हाकलून दिलं होतं, त्यांच्या जमिनी गेल्या आणि पुढे कित्येक दशकं त्या काउंटीत ब्लॅक कुटुंब जवळजवळ नव्हतंच. आपण तिथे घर घेतो, शाळेचं रेटिंग बघतो, आणि हे आपल्याला माहीत नसतं. माझ्या मते मंडळाने या कार्यक्रमात पडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

शोधायचा क्रम असा ठेवा:

क) लायब्ररीची लोकल हिस्टरी रूम आणि काउंटीची हिस्टॉरिकल सोसायटी. जुन्या सिटी डिरेक्टरी (शहरातल्या रहिवाशांच्या नाव-पत्त्यांच्या याद्या) मागा, बऱ्याच डिरेक्टरींमध्ये ब्लॅक रहिवाशांच्या नावापुढे खूण केलेली असायची, ती आज शोधायला उपयोगी पडते.

ख) ग्रीन बुक. ब्लॅक प्रवाशांना कुठे राहता येईल, कुठे जेवता येईल, पेट्रोल कुठे मिळेल याची ही यादी १९३६ पासून तीसेक वर्षं निघत होती. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने तिचे अंक ऑनलाइन ठेवलेत. तुमच्या गावाचं नाव आहे का बघा, पत्ता मिळाला तर आज त्या जागेवर काय आहे ते जाऊन बघा.

ग) रेडलायनिंगचे नकाशे. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेने ब्लॅक वस्त्यांना लाल रंग देऊन "धोकादायक" ठरवलं, ते नकाशे रिचमंड विद्यापीठाच्या मॅपिंग इनइक्वॅलिटी या प्रकल्पात दोनशेहून जास्त शहरांसाठी बघायला मिळतात. तुमचं उपनगर तेव्हा शेत असेल तर नकाशात नसेल, मग शेजारचं मोठं शहर घ्या. जुन्या घरांचे डीड म्हणजे मालकीचे दस्त काउंटी क्लर्ककडे किंवा तिथल्या दस्तनोंदणी कार्यालयात असतात, त्यात "हे घर ब्लॅक माणसाला विकायचं नाही" अशा अटी सापडतात. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या कोर्टातून लागू करता येणार नाहीत असं ठरवलं, पण कागदावर त्या अजूनही बसलेल्या आहेत.

घ) जनगणना. इथे लोक अडकतात. १८७० च्या आधी गुलामीतल्या माणसांची नावं जनगणनेत नाहीतच, १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या वेगळ्या याद्यांमध्ये मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि रंग. म्हणून शोध १८७० पासून पुढे सुरू करा.

ङ) माणसं. कागद वाचून झाल्यावरच वयस्कर लोकांकडे जा, म्हणजे प्रश्न नीट विचारता येतात. रेकॉर्डिंग करणार असाल तर लेखी संमती घ्या, दोन फोनवर रेकॉर्ड करा आणि एक प्रत त्या कुटुंबाला द्या. सांगणारा एखाद्या गोष्टीवर थांबला तर ढोसू नका.

सावध: जे सापडलं ते आधी भागीदारांना दाखवा, त्यांच्या होकाराशिवाय पोस्टरवर नको. एखादं नाव कुणाच्या तरी आजोबांचं असतं.

सिमेट्रीचं काम मिळालं तर

जानेवारीतला तिसरा सोमवार म्हणजे एमएलके डे, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी, त्या दिवशी श्रमदानाची पद्धत आहे आणि बऱ्याच ठिकाणी जुन्या ब्लॅक सिमेट्रीची सफाई होते. इथे उत्साहाने जास्त नुकसान होतं. आधी जागा कुणाची आहे आणि देखभाल कोण करतं ते विचारून लेखी परवानगी घ्या. दगड घासायला ब्लीच नको, तारेचा ब्रश नको, प्रेशर वॉशर तर अजिबात नको, फक्त पाणी आणि मऊ ब्रश. युक्का किंवा पेरिविंकल दिसलं तर तण म्हणून उपटू नका, कित्येक ठिकाणी दगड परवडायचा नाही म्हणून कबरीची खूण म्हणून ती झाडंच लावलेली असायची. तसंच शिंपले, फुटकी कपबशी, बाटल्या, हा कचरा वाटतो पण ते गेलेल्या माणसासाठी ठेवलेलं असतं. जमिनीत लांबट खळगा दिसला तर त्यावर पाय देऊ नका आणि तिथे गाडी न्यायची नाही. मुलांना आत सोडायच्या आधी हे सगळं गेटवर पाच मिनिटं उभं राहून सांगा.

५. पैसे आणि कागद (नोव्हेंबर-डिसेंबर)

वक्त्याला, गायकाला, ड्रम वाजवणाऱ्याला मानधन द्यायचं. शाल-श्रीफळ हे मानधन नाही. "आमची संस्था नॉनप्रॉफिट आहे" हे ज्या तोंडाने डीजेला आणि ढोलकीवाल्याला सांगत नाही त्या तोंडाने यांनाही सांगू नका. रक्कम आधी विचारा, ईमेलवर ठरवा, करासाठी लागणारा डब्ल्यू-९ फॉर्म आधी भरून घ्या आणि चेक त्याच दिवशी पाकिटात हातात द्या.

बाकी कागद थोडक्यात: हॉल किंवा पार्कसाठी इन्शुरन्सचं सर्टिफिकेट लागतं, बाहेर स्पीकर लावायचे तर आवाजाची वेगळी परवानगी असू शकते, आणि लोकांसाठी खुलं जेवण असेल तर हेल्थ डिपार्टमेंटचं तात्पुरतं परमिट. सिनेमा दाखवायचा असेल तर घरच्या स्ट्रीमिंग अकाउंटवरून हॉलमध्ये दाखवता येत नाही, सार्वजनिक प्रदर्शनाचं लायसन्स लागतं, बऱ्याच लायब्ररींकडे ते असतं म्हणून लायब्ररीतच दाखवा.

तपासा: वक्त्याचा होकार, मानधन, तारीख आणि पर्यायी तारीख, चारही गोष्टी लेखी आहेत? मगच फ्लायर.

६. कार्यक्रमाचा आराखडा (डिसेंबर-जानेवारी)

दोन तास पुरे. सुरुवात कशी करायची ते भागीदारांना ठरवू द्या. काही ठिकाणी पाद्री प्रार्थना करतात, काही ठिकाणी एखादी वयस्कर व्यक्ती पाणी सोडत पूर्वजांची नावं घेते आणि प्रत्येक नावाला सगळे "अशे" (तसंच होवो) म्हणतात, आपल्या तर्पणासारखंच. पण काही चर्चना हे चालत नाही, तेव्हा यूट्यूबवर बघून आपणच ठरवायचं नाही. "लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग", म्हणजे ब्लॅक लोकांचं राष्ट्रगीत मानलं जाणारं गाणं, म्हटलं जाणार असेल तर आपल्या लोकांना आधीच सांगून ठेवा की उभं राहायचं, टाळ्यांचा ठेका धरायचा नाही, शब्दांचे कागद खुर्चीवर ठेवा.

आपला वाटा दहा मिनिटांचा. दीपप्रज्वलन, गणेशवंदना, माजी अध्यक्षांचे सत्कार, स्पॉन्सर रिअल इस्टेट एजंटचे दोन शब्द, हे सगळं त्या दिवशी नको. स्पॉन्सरचं नाव कागदावर छापा.

त्या दहा मिनिटांत सांगण्यासारखं आपल्याकडे खरंच आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये "गुलामगिरी" अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी मोडायला झटलेल्या लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या ब्लॅक वस्तीच्या शेजारी, आणि १९४६ मध्ये त्यांनी ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी संयुक्त राष्ट्रांकडे नेलेल्या अर्जाची प्रत मागितली, ते पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्टमधल्या संग्रहात आहे आणि ऑनलाइन बघता येतं, मोठं प्रिंट काढून लावा. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या ब्लॅक लोकांच्या लढाऊ संघटनेवरून नाव घेऊन. आणि १९६५ चा इमिग्रेशन कायदा, ज्यामुळे आपल्यासारख्यांना इथे यायला दार उघडलं, तो १९६४ च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टच्या (नागरी हक्कांचा कायदा) आणि १९६५ च्या व्होटिंग राइट्स अ‍ॅक्टच्या (मतदानाच्या हक्काचा कायदा) त्याच लाटेत आला.

सावध: फुले, आंबेडकर, पँथर ही जातीविरुद्धच्या लढ्यातली नावं आहेत. ती घ्यायची आणि जातीबद्दल गप्प बसायचं असं चालत नाही. मंडळात यावर बोलायची तयारी नसेल तर हा भाग घेऊ नका. आणि "आम्हालाही इंग्रजांनी असंच छळलं" हे वाक्य भाषणातून काढून टाका, दुसऱ्याच्या घरच्या कार्यात आपलं गाऱ्हाणं मांडल्यासारखं होतं.

७. मुलं

वेशभूषा स्पर्धा नको. आपल्या गॅदरिंगमध्ये मुलाला टिळक-शिवाजी करायची सवय असते म्हणून लोक सहज करतात, पण ब्लॅक व्यक्ती "बनवण्यासाठी" चेहऱ्याला रंग फासणं किंवा कुरळा विग घालणं इथे उघड अपमान आहे, त्याला शंभर-दीडशे वर्षांचा घाणेरडा नाट्यप्रकार मागे आहे. गुलामांच्या लिलावाचं नाटुकलंही कधीच नको, कुठल्याही वयाच्या मुलांकडून. कुणाच्या केसांना हात लावायचा नाही हे लहानांना घरून सांगून आणा. मुलांनी चौथ्या टप्प्यात सापडलेला एकेक पत्ता घ्यावा, तिथे जाऊन आजचा फोटो काढावा आणि तीन ओळी लिहाव्यात. भिंतीवर जुना कागद आणि शेजारी नवा फोटो, यापुढे लोक सगळ्यात जास्त वेळ उभे राहतात.

मोठ्यांसाठी पण एक. हॉलमध्ये मराठीत रंगावरून काहीही बोलायचं नाही, "त्यांना कुठे कळतंय" म्हणून तर नाहीच. सूर कळतो. आणि आपली मुलं ऐकत असतात.

८. जेवण

फ्राइड चिकन आणि कलिंगड असा मेनू आपण ठरवून लावायचा नाही, या दोन पदार्थांवरून ब्लॅक लोकांची टिंगल करायची जुनी परंपरा आहे आणि यजमान बाहेरचा असेल तर ते फार लागतं. मेनू भागीदार ठरवतील, ऑर्डर ब्लॅक मालकीच्या केटररला द्या. जुनटीन्थला लाल पदार्थांची प्रथा आहे, जास्वंदीचं लाल सरबत वगैरे, पण तेही त्यांनी सुचवलं तर.

शाकाहारी लोकांसाठी एक एक भांडं उघडून विचारावं लागतं. कॉलर्ड ग्रीन्स पालेभाजी दिसते पण बहुतेकदा स्मोक्ड मांस घालून शिजवलेली असते, चवळीत तेच, कॉर्नब्रेडला बेकनची चरबी असू शकते. केटररला दोन भांडी मांसाशिवाय करायला आधीच सांगा आणि प्रत्येक भांड्यापुढे मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा. चवळी आफ्रिकेतून जगभर गेलेली, भेंडीही बहुधा तिथूनच, आणि दोन्ही आपल्या पानातही आहेत, एक भाजी आपल्याकडून ठेवायची असेल तर यातली ठेवा. लाईनमध्ये वयस्कर पाहुण्यांना आधी वाढा, ताट जागेवर नेऊन द्या.

९. त्या दिवशी: स्कॅनिंगचं टेबल

माझ्या लेखी दिवसभरातलं सगळ्यात मोलाचं काम या टेबलावर होतं. लोकांना आधी सांगून ठेवा की जुने फोटो, चर्चच्या स्मरणिका, अंत्यविधीच्या छापील पत्रिका घेऊन या. या पत्रिका आपल्याला साध्या वाटतात पण त्यात गेलेल्या माणसाचा जन्म, आईवडील, गाव, नोकरी, चर्च, मागे राहिलेले नातेवाईक सगळं असतं, कित्येक घरांचा लिहिलेला इतिहास तेवढाच असतो.

फ्लॅटबेड स्कॅनर, ६०० डीपीआय, फाइल टिफ (TIFF) फॉरमॅटमध्ये. हात कोरडे, टेबलावर चहा-पाणी नाही. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधून फोटो ओढून काढायचा नाही, तो फाटतो, अख्खं पान आहे तसं स्कॅन करा. मागे पेनने लिहू नका. मालक समोर बसलेला असतानाच स्कॅन करायचं आणि मूळ वस्तू लगेच हातात परत, "नंतर पाठवतो" अजिबात नाही. एक जण स्कॅन करेल आणि दुसरा शेजारी बसून विचारेल की फोटोत कोण कोण, कुठला, साधारण कुठल्या साली, आणि ते फाइलच्या नावासकट लिहून घेईल. हे काम हायस्कूलमधल्या मुलांना द्या.

तपासा: वापराबद्दल सही घेतली का? कुटुंबाला पेनड्राइव्हवर प्रत दिली का? दोन्ही झाल्याशिवाय पुढचा माणूस बसवायचा नाही.

१०. नंतरचे पंधरा दिवस (मार्च)

हिशोब भागीदारांना दाखवा, पैसे उरले असतील तर कुठे द्यायचे ते त्यांच्याशी बोलून ठरवा. त्यांच्या चर्चची किंवा संस्थेची स्कॉलरशिप असतेच. स्कॅनच्या फाइल्स त्या-त्या कुटुंबाच्या परवानगीने लायब्ररीच्या लोकल हिस्टरी विभागात जमा करा, मंडळाच्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर ठेवू नका, कमिटी बदलली की त्या गेल्याच म्हणून समजा. फेसबुकवर फोटो टाकायच्या आधी विचारा, आणि पोस्टमध्ये त्यांच्या संस्थेचं नाव आपल्या आधी लिहा.

आभाराची पत्रं हाताने लिहून पोस्टाने पाठवा. मग दोन्ही कमिट्यांनी एकदा चहाला बसायचं, काय जमलं, काय खटकलं ते त्यांना आधी बोलू द्यायचं, आणि उठायच्या आधी त्यांच्या जुनटीन्थसाठी किती माणसं लागतील ते विचारून नावं तिथेच लिहून द्यायची.